पन्नास वर्षांनी तीच गाणी

सप्टेंबर २००९ मध्ये ब्रिटनच्या अल्बमच्या यादीवर म्हाताऱ्यांनी कब्जा केला होता. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी गाणाऱ्या व्हेरा लिन ९२ व्या वर्षी पहिल्या क्रमांकावर पोहोचल्या होत्या. ९ सप्टेंबरला बीटल्सचे सगळे अल्बम नव्याने साफसूफ करून बाजारात आले आणि तेही भराभर यादीत चढले. या गर्दीत २१ सप्टेंबरला ईएमआय कंपनीने आणखी एक अल्बम सोडला. नाव ‘रीयुनायटेड’, गायक क्लिफ रिचर्ड, साथीला शॅडोज. पुढच्या महिन्यात गायकाला ६९ वर्षं पूर्ण व्हायची होती. ड्रमवाला ब्रायन बेनेट त्याच्याहून काही महिन्यांनी मोठा, तर हँक मार्विन आणि ब्रूस वेल्च हे दोन गिटारवाले अडुसष्टीला टेकलेले.

क्लिफ आणि शॅडोज यांनी स्टुडिओत बसून मिळून केलेला हा चाळीस वर्षांतला पहिला अल्बम होता आणि शेवटचाही. नवा म्हणावा, तर त्यात एकही गाणं नवं नव्हतं. बहुतेक सगळी त्यांनीच १९५८ ते १९६८ या काळात गाजवलेली. तीन गाणी त्यांनी एकत्र पहिल्यांदाच ध्वनिमुद्रित केली, पण तीसुद्धा जुन्या जमान्यातली : एडी कॉक्रनचं ‘कमॉन एव्हरीबडी’, फ्रँकी फोर्डचं ‘सी क्रूझ’ आणि १९५७ च्या जानेवारीत ब्रिटनमध्ये दोन वेगवेगळ्या गायकांनी पहिल्या क्रमांकावर नेलेलं ‘सिंगिंग द ब्लूज’. एखाद्या बँडचा अखेरचा अल्बम म्हटलं की भांडणं, वकील, अर्धवट राहिलेल्या चाली आणि कुणाचा तरी मृत्यू असा मसाला अपेक्षित असतो. इथे त्यातलं काही नाही. चार माणसं आपलीच जुनी गाणी, जुन्याच बांधणीत, पुन्हा वाजवतात. त्यांना हे का करावंसं वाटलं असेल, याचा माग काढायचा तर सुरुवात लखनौपासून करावी लागते.

क्लिफ रिचर्डचं खरं नाव हॅरी रॉजर वेब. जन्म १४ ऑक्टोबर १९४०, लखनौच्या किंग जॉर्ज हॉस्पिटलात. वडील रॉजर वेब रेल्वेला खानपान पुरवणाऱ्या केलनर कंपनीत नोकरीला, आईचं नाव डोरोथी. कुटुंब राहायचं हजरतगंजच्या बाजारपेठेला लागून असलेल्या मकबऱ्यात. मकबरा म्हणजे अवधचे नवाब अमजद अली शाह यांच्या कबरीभोवतीचा परिसर. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी या वास्तूत काही काळ प्रार्थना भरवल्या आणि पुढे तिच्या आवारात अँग्लो-इंडियन कुटुंबांची वस्ती झाली. अमजद अली शाहांचा मुलगा म्हणजे ठुमरी आणि कथ्थकसाठी राज्य गेल्याचा बोल ज्याला लावला जातो तो वाजिद अली शाह. डोरोथीची आई ला मार्टिनिअर मुलींच्या शाळेत वसतिगृहाची मेट्रन होती. घरात पैसा फार नव्हता, पण रेल्वेशी जोडलेल्या अँग्लो-इंडियन घरांत असायची तशी नोकरचाकरांची सोय होती.

हॅरी जन्मला त्या वर्षी हजरतगंजपासून जवळच, कैसरबागेत, भातखंडे यांनी १९२६ मध्ये सुरू केलेल्या मॅरिस कॉलेजात श्रीकृष्ण रातंजनकर राग शिकवत होते. मुंबईहून लखनौला गेलेल्या मराठी पंडितांनी त्या गावात हिंदुस्थानी संगीताची शिस्तशीर शाळा उभी केली होती. वेब कुटुंबाचा तिच्याशी काडीइतकाही संबंध नव्हता. एकाच गावात दोन जगं सुखाने एकमेकांकडे पाठ करून राहत होती, एवढंच.

लखनौहून वेब मंडळी हावड्याला गेली. १९४६ च्या कलकत्त्याच्या दंगलीच्या काळात ती तिकडेच होती. स्वातंत्र्यानंतर अनेक अँग्लो-इंडियन घरांप्रमाणे त्यांनीही निघायचं ठरवलं आणि १९४८ मध्ये मुंबई बंदरातून ‘रांची’ नावाच्या बोटीत पाय ठेवला. सुमारे तीन आठवड्यांनी इंग्लंड. जिथे ‘परत’ जायचं होतं तो देश मुलांनी कधी पाहिलेलाच नव्हता. कारशॉल्टनमध्ये नातेवाइकांकडे सगळं कुटुंब एका खोलीत, मग चेशंटमध्ये नगरपालिकेचं घर. शाळेत हॅरीला रंगावरून आणि हिंदुस्थानातून आल्यावरून चिडवलं जायचं. दहा वर्षांनी हाच मुलगा ब्रिटनचा पहिला अस्सल देशी रॉक गायक म्हणून ओळखला जाऊ लागला. यातली गंमत तेव्हाच्या इंग्रजी वृत्तपत्रांच्या फारशी ध्यानात आली नाही.

१९५८ मध्ये डर्बीशरमधल्या एका कार्यक्रमाच्या आयोजकाला ‘हॅरी वेब’ हे नाव फलकावर लावायला फारच साधं वाटलं. ‘क्लिफ’ सुचलं, कारण क्लिफ म्हणजे कडा आणि कडा म्हटलं की खडक आलाच. ‘रिचर्ड’ सुचवलं साथीदार इयन सॅमवेलने, लिटल रिचर्डला सलाम म्हणून. याच सॅमवेलने बसच्या वरच्या मजल्यावर बसून ‘मूव्ह इट’ लिहिलं. २४ जुलै १९५८ ला ईएमआयच्या ॲबी रोडवरच्या दोन नंबरच्या स्टुडिओत ते मुद्रित झालं. निर्माते नॉरी पॅरामोर यांना रेकॉर्डची मुख्य बाजू म्हणून ‘स्कूलबॉय क्रश’ हे दुसरंच, अमेरिकेतून आयात केलेलं गाणं हवं होतं. ‘मूव्ह इट’ मागच्या बाजूला. टीव्हीवाले जॅक गुड यांनी मात्र मुलाने मागचं गाणंच म्हणावं असा आग्रह धरला, आणि ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं.

या गाण्यातली एक गोष्ट चाहत्यांच्याही सहज लक्षात येत नाही. सुरुवातीची ती करकरीत, खाली घरंगळत येणारी गिटार हँक मार्विनची नाही. हँक आणि ब्रूस त्या दिवशी स्टुडिओत नव्हतेच. क्लिफची आणि त्यांची अजून गाठच पडायची होती. पॅरामोर यांनी पोरांवर पूर्ण भरवसा न टाकता अर्नी शिअर या स्टुडिओतल्या मुरलेल्या वादकाला बोलावलं होतं. पुढची पन्नास वर्षं हँक रंगमंचावर ‘मूव्ह इट’ वाजवत राहिला आणि लोकांनी ती गिटार त्याच्याच खात्यावर जमा केली.

हँकचं मूळ नाव ब्रायन रँकिन. तो आणि ब्रूस न्यूकॅसलचे, एकाच शाळेतले. १९५८ च्या वसंतात नशीब काढायला दोघं लंडनला आले आणि सोहोमधल्या टू-आइज कॉफी बारमध्ये वाजवू लागले. क्लिफचा व्यवस्थापक जॉन फॉस्टर तिथे गेला होता टोनी शेरिडनच्या शोधात. टोनी सापडला नाही, जाड चष्म्याचा हँक सापडला. हँकने एकच अट घातली : ब्रूसलाही घ्या. (टोनी शेरिडन पुढे जर्मनीत गेला आणि त्याच्या साथीला लिव्हरपूलची काही पोरं आली. त्या पोरांनी १९६१ मध्ये हॅम्बुर्गला ‘क्राय फॉर अ शॅडो’ नावाची एक निव्वळ वाद्यांची रेकॉर्ड केली. शॅडोजची ती उघड नक्कल होती. ती पोरं म्हणजे बीटल्स.)

बँडचं नाव आधी ड्रिफ्टर्स होतं. अमेरिकेत त्याच नावाची मंडळी असल्याने १९५९ मध्ये ते बदलावं लागलं. बासवाला जेट हॅरिस याने ‘शॅडोज’ सुचवलं. गायकाच्या मागे उभं राहणाऱ्या वादकांना ‘सावल्या’ म्हणणं यात थोडी नम्रता होती, थोडी थट्टाही. पण या सावल्या लवकरच गायकाशिवाय हिंडू लागल्या. १९६० च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या ‘अपाची’ने पहिला क्रमांक घेतला तो क्लिफच्याच ‘प्लीज डोन्ट टीज’ला खाली उतरवून. त्या ‘प्लीज डोन्ट टीज’मध्येही वाजवणारे हेच.

‘अपाची’चा आवाज ज्या गिटारचा होता ती क्लिफने १९५९ मध्ये अमेरिकेतून मागवली होती. ब्रिटनमध्ये तोवर अमेरिकन वाद्यांच्या आयातीवर निर्बंध होते. फेंडर कंपनीचं माहितीपत्रक हाती आलं, तेव्हा हँकला हवी होती अमेरिकन गिटारवाला जेम्स बर्टन वाजवतो ती गिटार. पण ती नेमकी कोणती ते त्याला ठाऊक नव्हतं. बर्टनसारखा माणूस सगळ्यात महागडीच वाजवत असणार असा हिशेब करून त्याने लालसर रंगाच्या, सोनेरी मुलाम्याच्या स्ट्रॅटोकास्टरवर बोट ठेवलं. बर्टन वाजवायचा टेलिकास्टर! या चुकीमुळे हँकला तार ताणून सुराला हेलकावा देणारी दांडी मिळाली. तिच्यासोबत इटालियन प्रतिध्वनी यंत्र जोडलं, आणि एकेक सूर सुटा, स्वच्छ, किंचित थरथरत ऐकू येऊ लागला. शब्दांशिवाय गाणं म्हणणारी गिटार ती हीच. ब्रिटनमधल्या एका पिढीतल्या गिटारवाल्यांनी बोटं घासली ती हे सूर बसवण्यासाठी.

हा आवाज इकडेही पोहोचला. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत १९५० च्या दशकाच्या अखेरीस ‘द हेक्टिक्स’ नावाचा पोरांचा बँड होता. एल्व्हिस, लिटल रिचर्ड यांच्याबरोबर तो क्लिफ रिचर्डची गाणी वाजवायचा. त्यात पियानोवर बसणारा फारूख बलसारा पुढे फ्रेडी मर्क्युरी झाला. मुंबईच्या हिंदी सिनेमानेही ही लाट अंगावर घेतली. १९६५ च्या ‘गुमनाम’मध्ये ‘जान पहचान हो’ या गाण्याला पडद्यावर टेड लायन्स अँड हिज कब्ज हा खराखुरा मुंबईचा बँड वाजवताना दिसतो. झगमगत्या दिव्यांत गिटार घेऊन ओळीने उभी राहिलेली पोरं पाहिली की शॅडोजची आठवण होणं अटळ आहे. मुंबईच्या बंदरातून गेलेल्या मुलाच्या साथीदारांची छाया एवढा लांबचा फेरा मारून मुंबईच्याच स्टुडिओत आली.

ब्रिटनमध्ये मात्र शॅडोजमध्ये माणसं बदलू लागली होती. १९६१ मध्ये ड्रमवाला टोनी मीहन गेला आणि ब्रायन बेनेट आला. १९६२ मध्ये जेट हॅरिस गेला. चित्रपटांनी पैसा दिला. ब्रूस आणि ब्रायन यांनी ‘समर हॉलिडे’चं शीर्षकगीत केलं. चित्रपट लांबीला काही मिनिटं कमी पडला म्हणून ब्रूस आणि क्लिफने ‘बॅचलर बॉय’ रचलं. भरतीचं गाणं म्हणून लिहिलेलं हे गाणं क्लिफच्या नावाला असं चिकटलं की जन्मभर अविवाहित राहिलेल्या या माणसाला पत्रकार अजूनही त्यावरून छेडतात.

मग बीटल्स आले आणि सगळंच जुनं वाटू लागलं. क्लिफ १९६६ मध्ये अमेरिकन धर्मप्रचारक बिली ग्रॅहमच्या सभेत आपल्या ख्रिस्ती श्रद्धेची जाहीर ग्वाही देऊन बसला होता. गाणं सोडून शाळेत धर्म शिकवावा असंही त्याच्या मनात होतं. १९६८ मध्ये त्याने ‘काँग्रॅच्युलेशन्स’ गाजवलं ते शॅडोजविना. त्याच वर्षी दहा वर्षांच्या सोबतीची खूण म्हणून ‘एस्टॅब्लिश्ड १९५८’ हा अल्बम निघाला : काही गाणी क्लिफच्या आवाजात, काही तुकडे फक्त शॅडोजचे. वर्धापनदिनासाठी केलेला हा अल्बम ऐकताना निरोपाची चाहूल लागते. डिसेंबर १९६८ मध्ये शॅडोज फुटले. त्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत, जानेवारी १९६९ मध्ये, बीटल्स ट्विकनहॅमच्या थंडगार स्टुडिओत कॅमेऱ्यांसमोर एकमेकांवर वैतागत ‘लेट इट बी’ची गाणी बसवत होते. एका बँडचा शेवट जगाने पाहिला, आणि त्यावर पुस्तकांची कपाटं भरली. दुसऱ्याचा शेवट एखाद्या कारखान्यातल्या मंडळींनी पाळी संपल्यावर डबे उचलून घरी जावं तसा झाला.

शेवट तरी कसला? मराठी नाट्यरसिकांना ‘शेवटचा प्रयोग’ ही जाहिरात चांगली परिचयाची आहे. शॅडोज त्या बाबतीत आपल्या कोणत्याही नाटक कंपनीला हार जाणार नाहीत. १९७३ मध्ये ते पुन्हा जमले. त्याच वर्षी त्यांचा बासवाला जॉन रोस्टिल वयाच्या ३१ व्या वर्षी वारला. १९७५ मध्ये युरोव्हिजन स्पर्धेत ते दुसरे आले. क्लिफची घसरलेली गाडी रुळावर आणली तीही ब्रूसनेच, निर्माता म्हणून : १९७६ चं ‘डेव्हिल वुमन’ आणि १९७९ चं ‘वी डोन्ट टॉक एनिमोअर’ ही त्याची कामगिरी. १९७८ मध्ये लंडनच्या पॅलेडियममध्ये क्लिफ आणि शॅडोजची पुनर्भेट, १९८४ मध्ये वेम्बलीत पुन्हा, १९८९ मध्ये वेम्बलीच्या मैदानावर पुन्हा. १९९० मध्ये शॅडोज परत थांबले. हँक तोवर ऑस्ट्रेलियात पर्थला स्थायिक झाला होता आणि त्याला एकट्याने वाजवायचं होतं. २००४ मध्ये ‘फायनल टूर’ या नावाने दौरा निघाला. तिकिटं इतकी खपली की ‘फायनल’ दौरा पुढच्या वर्षी युरोपात वाढवावा लागला.

डिसेंबर २००८ मध्ये लंडनच्या पॅलेडियममध्ये राजघराण्यासाठी होणाऱ्या रॉयल व्हरायटी कार्यक्रमात क्लिफ आणि शॅडोज एकत्र उभे राहिले. पन्नास वर्षं झाली होती. त्याच काळात दौऱ्याची घोषणा झाली आणि दौऱ्याआधी अल्बम करायचं ठरलं.

जुनी गाणी पुन्हा करायची तर दोन वाटा असतात. एक, त्यांना नवा साज चढवायचा : संगणकी ताल, वाद्यवृंद, एखादा तरुण पाहुणा गायक. क्लिफने अन्यत्र हे सगळं करून पाहिलं होतं. १९८६ मध्ये ‘लिव्हिंग डॉल’चं विनोदी रूपांतर करून ते पहिल्या क्रमांकावरही नेलं होतं, आणि त्यात गिटार हँकचीच होती. दुसरी वाट, गाणं होतं तसंच ठेवायचं. ‘रीयुनायटेड’मध्ये चौघांनी ही दुसरी वाट धरली. ‘लिव्हिंग डॉल’ तसंच, रमतगमत चालणारं. मुळात लायनेल बार्टने ते जलद चालीत लिहिलं होतं, आणि १९५९ मध्ये ब्रूसनेच सुचवलं होतं की याला सावकाश, कंट्री ढंगाने घेऊ. ‘द यंग वन्स’, ‘समर हॉलिडे’ तशीच. हँकचे मधले तुकडे श्रोत्यांना इतके पाठ होते की त्यात एक सूर इकडचा तिकडे केला असता तर सभागृहात कुजबुज झाली असती.

हे काम वरवर सोपं वाटतं. एकोणिसाव्या वर्षी अंगातल्या उकळीने, थोड्या अज्ञानातून वाजवलेली गोष्ट सत्तरीच्या उंबऱ्यावर हुबेहूब वाजवायची, तर ती उकळी कसबाने उभी करावी लागते. त्यातून नवी रेकॉर्ड जुनीपेक्षा सफाईदार झाली आणि धोका पत्करण्याची मजा कमी झाली, असं म्हणणं अन्यायाचं होणार नाही. क्लिफचा आवाज थक्क करणारा टिकला होता. पण १९५८ च्या ‘मूव्ह इट’मध्ये जो गुरगुरता, जरासा घाबरलेला मुलगा आहे, तो इथे नाही. त्याऐवजी इथे हँक आहे. ज्या गाण्यापासून सगळं सुरू झालं, त्याच्या मूळ रेकॉर्डवर गैरहजर असलेला माणूस पन्नास वर्षांनी त्यात शिरला. मीहन २००५ मध्येच गेला होता. हॅरिस हयात होता, पण या पुनर्भेटीत नव्हता.

या सगळ्याला आणखी एक बाजू आहे, आणि ती कायद्याची आहे. ब्रिटनमध्ये गीतकार-संगीतकाराचा हक्क मृत्यूनंतर ७० वर्षं टिकतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क मात्र तेव्हा प्रसिद्धीनंतर ५० वर्षांनी संपत असे. म्हणजे १९५८ मध्ये निघालेल्या ‘मूव्ह इट’च्या रेकॉर्डवरचा हक्क २००८ संपताच उडाला. १ जानेवारी २००९ पासून तिच्या प्रती कुणीही काढाव्यात (गाण्याच्या लेखकाचे पैसे दिले की झालं). गायकाला आणि कंपनीला दमडी नाही. ‘लिव्हिंग डॉल’ एक वर्षाने त्याच वाटेने जाणार होतं, ‘अपाची’ दोन वर्षांनी. ही मुदत वाढावी म्हणून क्लिफ वर्षानुवर्षं जाहीरपणे झगडत होता, इतका की वृत्तपत्रांनी त्या मागणीला ‘क्लिफचा कायदा’ असंच नाव ठेवलं. २००६ मध्ये ब्रिटिश सरकारने नेमलेल्या गावर्स समितीने मात्र मुदत वाढवू नये असा कौल दिला.

तेव्हा ‘रीयुनायटेड’ नेमक्या त्याच वर्षी निघाला, ज्या वर्षी पहिलं गाणं हातातून निसटलं. म्हणून अल्बम हक्कांसाठीच काढला असं कुणी म्हणेल, तर त्याला पुरावा नाही. पन्नासावं वर्ष हेच मूळ निमित्त, आणि सुवर्णमहोत्सव व मुदत यांची तारीख एकच येणं हे गणिताने अटळ होतं. तरीही आपलीच गाणी परत मुद्रित करणाऱ्या माणसाला हा हिशेब ठाऊक नसेल, असं मानणं भाबडेपणाचं ठरेल.

अल्बम चौथ्या क्रमांकापर्यंत चढला. ‘सिंगिंग द ब्लूज’ सुटं निघालं, ते चाळिसाव्या स्थानावर थांबलं. दौऱ्यात बासवर मार्क ग्रिफिथ्स होता आणि कीबोर्डवर ब्रायनचा मुलगा वॉरन. लंडनच्या ओ-टू सभागृहातला कार्यक्रम ‘द फायनल रीयुनियन’ या नावाने डीव्हीडीवर आला. पुढच्या वर्षी ते युरोपात फिरले. या वेळचं ‘फायनल’ बऱ्यापैकी खरं निघालं : या जोडीचा स्टुडिओत केलेला दुसरा अल्बम त्यानंतर झाला नाही. जेट हॅरिस मार्च २०११ मध्ये वारला. हँक पर्थला परतून जँगो राइनहार्टच्या जिप्सी जॅझमध्ये रमला. क्लिफ एकट्याने गात राहिला.

सप्टेंबर २०११ मध्ये युरोपीय संघाने ध्वनिमुद्रणाची मुदत ५० वरून ७० वर्षांवर नेली. ब्रिटनमध्ये ती १ नोव्हेंबर २०१३ पासून लागू झाली, पण आधीच हक्क संपलेल्या रेकॉर्डना तिचा लाभ नव्हता. त्यामुळे क्लिफ आणि शॅडोजचा साठा मधोमध चिरला गेला. ‘बॅचलर बॉय’ १९६२ च्या अखेरीस निघालं होतं, ते कुंपणाबाहेर राहिलं. जेमतेम दोन महिन्यांनी, फेब्रुवारी १९६३ मध्ये आलेलं ‘समर हॉलिडे’ कुंपणाच्या आत आलं, आणि त्याला २०३३ अखेरपर्यंतचं आयुष्य मिळालं. दोन्ही गाणी एकाच चित्रपटातली. १९५८ चं ‘मूव्ह इट’ आज कुणीही छापावं. पण २००९ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘रीयुनायटेड’मधली ध्वनिमुद्रणं मात्र २०७९ संपेपर्यंत सुरक्षित आहेत.